लास कासास : एका पश्चात्तापी पाद्र्याचे चरित्र

एस्तेरच्या पुस्तकातील हामानाची कथा आपणांस ठाऊक आहे. मर्दखय ह्या एका मनुष्याने आपणास नमन केले नाही, एवढ्या रागावरून त्याने त्या मनुष्याच्या सर्व लोकांचा बायकामुलांसह एकाच दिवशी नाश करावयाचे ठरविले आणि त्या हुकुमावर राजाची मोहर उठवून घेतली. त्याच्याही पूर्वी मिसर देशात फारोने इब्री लोकांचे मुलगे जन्मताच मारून टाकण्याची आज्ञा दिली होती. एखाद्या लोकांचे नावच पृथ्वीवरून पुसून टाकावे, ही दुर्बुद्धी अशी फार पुरातन आहे. आजच्या कायद्यात ह्या पापास वंशसंहार म्हणतात. परंतु हे पाप करणारा मनुष्य दर वेळी हामानासारखा उघड वैरीच असतो असे नाही. पुष्कळदा तो देवळात जाणारा, सण पाळणारा व स्वतःस ख्रिस्ताचा म्हणविणारा असतो, आणि आपल्या हातून काय घडत आहे हे त्याचे त्यासच दिसत नाही. ज्याचे डोळे असे पुष्कळ वर्षे झाकलेले होते व मग देवाने ते उघडले, अशा एका पाद्र्याचे चरित्र आज सांगावयाचे योजिले आहे.

बार्तोलोमे दे लास कासास ह्याचा जन्म स्पेन देशातील सेव्हिल नगरात इ. स. १४८४ साली झाला. मार्टिन लूथर ह्याचा जन्म त्याच्या आदल्याच वर्षी जर्मनीत झाला होता. बार्तोलोमेचा बाप पेद्रो हा व्यापारी होता. १४९२ साली कोलंबस हिंदुस्थानचा जलमार्ग शोधावयास म्हणून पश्चिमेकडे निघाला आणि अमेरिकेजवळच्या बेटांस जाऊन लागला. आपण हिंदुस्थानच्याच आसपास पोहोचलो अशी त्याची समजूत झाल्यामुळे त्याने तेथील लोकांस इंडियन हे नाव दिले. आपल्या देशाचे नाव ह्याप्रमाणे चुकून त्या दूरच्या लोकांस लागले, म्हणून त्यांची कथा ऐकताना आपणांस ती अगदीच परकी वाटू नये.

१४९३ साली कोलंबस सेव्हिलीस परत आला, तेव्हा त्याने आणलेले सात इंडियन आणि हिरवे पोपट पाहावयास जी गर्दी लोटली, तिच्यात हा मुलगाही होता. त्याच वर्षी त्याचा बाप कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीवर गेला, आणि परतताना त्याने मुलासाठी एक इंडियन पोरगा आणला. जसा कोणी जत्रेहून खेळणे आणावे, तसा एक जिवंत मनुष्य त्या घरी आला व चाकरी करू लागला. १५०० साली इसाबेला राणीने हुकूम केला की, अशा रीतीने वाटून दिलेले लोक त्यांच्या देशी परत पाठवावे. त्याप्रमाणे तो पोरगा परत गेला.

१५०२ साली बार्तोलोमे स्वतः जहाजात बसून एस्पान्योला बेटावर आला. हे बेट म्हणजे आजचे हैती व दोमिनिकन प्रजासत्ताक हे दोन देश. तेथे ताइनो नावाचे लोक राहत असत. ते कंद लावीत, मका पिकवीत, मासे धरीत, होड्यांतून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जात, आणि त्यांच्यात लहान लहान राजे होते. आपण घरोघरी जो बटाटा शिजवितो, त्याचे हे नाव मुळात त्याच लोकांच्या बोलीतले असून पोर्तुगीज लोकांमार्फत आपल्या मराठीत आले आहे. शब्द आमच्या चुलीपर्यंत आला. ज्यांच्या तोंडचा तो शब्द, त्यांचे काय झाले हे आता पाहावयाचे आहे.

स्पॅनिश लोकांनी त्या बेटावर एक वहिवाट पाडली होती. राजाच्या नावाने एकेका स्पॅनिश मनुष्याच्या हवाली पन्नास, शंभर अथवा अधिक इंडियन केले जात. कागदोपत्री करार असा की, धन्याने त्यांचे रक्षण करावे व त्यांस ख्रिस्ती धर्म शिकवावा, आणि त्याबद्दल त्यांनी धन्याचे काम करावे. ह्या वहिवाटीस एन्कोमियेंदा म्हणत. आपल्यातील वृद्ध मंडळींस वेठ म्हणजे काय हे समजावून सांगावयास नको. पुरुषांस महिनेच्या महिने दूरच्या सोन्याच्या खाणीत नेत, बायकांस शेतात राबवीत. नवराबायकोची भेट होईना, पेरणी वेळेवर होईना, आयांच्या अंगावर दूध राहीना, तान्ही मुले मरू लागली. जे पळून जात त्यांच्यावर शिकारी कुत्रे सोडीत, आणि जे उठाव करीत ते तरवारीस बळी पडत. १५०८ साली झालेल्या मोजणीत त्या बेटावर सुमारे ६०,००० इंडियन उरले होते. १५१४ साली त्यांची वाटणी केली, तेव्हा ते २६,००० च्या आसपास भरले. १५१८ साली देवीची साथ आली व उरलेल्यांतील पुष्कळ लोक तिने नेले. ह्या सर्वांस ठार मारा असा हुकूम कोणीही काढला नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. प्रत्येक जण आपापले सोने मोजीत होता, आणि एक सबंध लोकसमाज मरत होता.

बार्तोलोमे ह्याच धन्यांपैकी एक होता. त्यास जमीन मिळाली, राबावयास माणसे मिळाली, आणि मोहिमांवरही तो गेला. मध्यंतरी तो रोमेस गेला व १५०७ साली त्यास पाद्रीपणाची दीक्षा मिळाली. १५१० साली त्याने एस्पान्योला बेटावर आपला पहिला मिस्सा म्हटला. आपल्या इंडियनांस तो मारझोड करीत नसे, त्यांच्याशी सौम्यपणे वागे, आणि त्यामुळे आपण चांगले धनी आहो असे समजून त्याचे मन निर्धास्त होते. एका हातात पवित्र पात्र आणि दुसऱ्या हातात परक्याच्या घामाचे सोने, ह्या दोहोंत काही विरोध आहे असे त्यास वाटले नाही.

त्याच वर्षी दोमिनिकन पंथाचे काही मठवासी त्या बेटावर आले. ते गरिबीने राहत आणि डोळे उघडे ठेवून सर्व पाहत. १५११ सालच्या आगमनकाळातील एका रविवारी, कोलंबसाचा पुत्र जो गव्हर्नर तो व सर्व मोठमोठे लोक देवळात बसले असता, अंतोनियो दे मोंतेसिनोस नावाच्या मठवाशाने उपदेश केला. तो बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या रानातील वाणीवर बोलला. त्याने सर्वांसमक्ष सांगितले की, तुम्ही ह्या लोकांवर जो जुलूम करीत आहा, त्यामुळे तुम्ही मरणास पात्र अशा पापात पडला आहा. आणि विचारले की, हे लोक मनुष्ये नाहीत काय, आणि त्यांच्यावर आपल्यासारखी प्रीती करण्यास तुम्ही बांधलेले नाही काय. देवळात खळबळ उडाली. गव्हर्नराने मठात जाऊन बोललेले शब्द मागे घ्यावयास सांगितले. मोंतेसिनोस पुढल्या रविवारी पुन्हा उपदेशास उभा राहिला आणि तेच शब्द अधिक तीव्रतेने बोलला. हा उपदेश त्या सर्व मठवाशांनी मिळून तयार केला होता व त्यावर आपल्या सह्या केल्या होत्या, म्हणून एकट्या मोंतेसिनोसास दोष देण्याची सोय राहिली नाही.

लास कासासच्या अंतःकरणास त्या वेळी पाझर फुटला नाही. पुढे एकदा तो पापांगीकार करण्यास एका दोमिनिकन मठवाशाकडे गेला. त्याच्या ताब्यात इंडियन आहेत म्हणून त्या मठवाशाने त्याच्यावर पापक्षमा उच्चारण्याचे नाकारले. पाद्र्यास पाद्र्यानेच दारातून परत लाविले! लास कासासने वाद घातला आणि तो तसाच घरी गेला. पण तो काटा आत रुतून राहिला.

नंतर क्यूबा बेट जिंकावयास फौज निघाली, तिच्याबरोबर तो पाद्री म्हणून गेला. एस्पान्योला बेटावरून पळून आलेला हातुएय नावाचा एक राजा क्यूबात लढत होता. तो पकडला गेला आणि १५१२ साली त्यास जिवंत जाळले. खांबास बांधले असता एका मठवाशाने त्यास स्वर्गाविषयी सांगितले. तेव्हा त्याने विचारले की, हे स्पॅनिश लोकही तेथे जातात काय. त्यांतील चांगले जातात असे उत्तर मिळाल्यावर, मला मग तेथे जावयाचे नाही, असे तो म्हणाला. ही हकीकत लास कासासनेच पुढे लिहून ठेविली आहे. सुवार्तेच्या प्रत्येक सेवकाने ती वाचून थरथर कापावे. त्या मनुष्याने ख्रिस्तास नाकारले असे आपण म्हणावे काय? ख्रिस्ताच्या नावाखाली त्यास जे दाखविण्यात आले, ते त्याने नाकारले.

काओनाव नावाच्या गावी लास कासासने आपल्या डोळ्यांनी दुसरे एक कृत्य पाहिले. त्या दिवशी सकाळी शिपायांनी एका नदीच्या पात्रात न्याहारी केली, आणि तेथील दगडांवर आपल्या तरवारींस धार लाविली. गावात पोहोचले तेव्हा लोक उकिडवे बसून घोड्यांकडे कौतुकाने पाहत होते. त्यांनी भाकर व मासळी आणून पाहुण्यांपुढे ठेविली होती. इतक्यात कोणा एका शिपायाने तरवार उपसली, आणि ते पाहून सर्वांनी उपसली. पुरुष, बायका, मुले, म्हातारे, जो सापडला तो कापला गेला. लास कासास ओरडत, अडवीत धावला, काहींस त्याने वाचविले. पण रक्ताचे पाट वाहिले ते वाहिलेच. कारण विचारता कोणास काही सांगता आले नाही. आणि आश्चर्य हे की, हे पाहिल्यावरही क्यूबात जमीन व इंडियन वाटले गेले तेव्हा त्याने आपला वाटा घेतला. आपला मित्र पेद्रो दे ला रेन्तेरिया ह्याच्याशी भागी करून तो खाण व शेती चालवू लागला. दुसऱ्याचे क्रौर्य पाहून रडणे सोपे आहे. त्याच क्रौर्यावर आपले घर उभे आहे हे पाहणे फार कठीण आहे.

१५१४ साली पन्नासाव्या दिवसाच्या सणाचा उपदेश तयार करावयास तो बसला होता. त्याच्या वाचनात सिराखपुत्राच्या ग्रंथाचा चौतिसावा अध्याय आला. हा ग्रंथ रोमी मंडळी शास्त्रात मोजते, आपण मोजीत नाही. तथापि तेथील शिकवण आमोस व यशया ह्यांच्या शिकवणीशी जुळणारी आहे. अन्यायाने मिळविलेल्या धनाचे अर्पण देवास मान्य होत नाही, आणि गरिबाची भाकर हिरावून घेणारा मनुष्य त्याचा प्राण घेणाराच होय, असा तेथील आशय आहे. ते वाचताच त्याच्या डोळ्यांवरील खपले गळून पडले, जसे दमास्कसात शौलाचे पडले होते. मोंतेसिनोसाचे शब्द आठवले, पापक्षमा नाकारणारा मठवासी आठवला, काओनाव आठवले. काही दिवस विचार करून त्याने ठरविले की, इंडियनांविषयी जे जे चालले आहे ते सर्व अन्यायाचे आहे.

आता त्यास एक अडचण पडली. आपण आपले इंडियन सोडले तर गव्हर्नर ते दुसऱ्या कोणास देईल, आणि तो त्यांस मरेपर्यंत राबवील, हे त्यास दिसत होते. आपण ठेवून घ्यावे आणि दयेने वागवावे, असे मन सांगू लागले. परंतु त्याने ओळखले की, स्वतःच्या ताब्यात इंडियन असता दुसऱ्यांस सोडावयास सांगितले तर आपल्या उपदेशास काडीची किंमत राहणार नाही. त्याने गव्हर्नर वेलास्केस ह्याकडे जाऊन आपला वाटा परत केला, आणि १५ ऑगस्ट १५१४ रोजी देवळात सर्वांसमक्ष ते जाहीर केले. ऐकणारे लोक स्वप्नात असल्यासारखे थक्क झाले. त्याचा भागीदार रेन्तेरिया परगावी होता. तो आला तेव्हा कळले की, त्याच्याही मनात इंडियन मुलांकरिता काही करावे असे त्याच दिवसांत आले होते. त्याने माल विकून लास कासासच्या स्पेनच्या प्रवासास पैसा दिला. प्रभूने जक्कयाच्या घरी जे कार्य केले, तेच येथेही झाले. लुबाडलेले परत करावयास तयार झाल्यावाचून त्या घरास तारण आले नव्हते.

येथून पुढची बावन्न वर्षे लास कासासने ह्याच एका कामात घालविली. तो अनेकदा महासागर ओलांडून राजदरबारी गेला. फोन्सेका नावाचा बिशप त्या वेळी इंडियनांचा कारभार पाहत असे. क्यूबात तीन महिन्यांत सात हजार लेकरे मेली, हे लास कासासने त्यास सांगितले, तेव्हा त्याने आपला त्याच्याशी काय संबंध असे उलट विचारले. फोन्सेकाच्या स्वतःच्या नावेही इंडियनांचा वाटा होता, हे येथे सांगितले पाहिजे. पुढे राज्याचा कारभारी कार्डिनल सिस्नेरोस ह्याने १५१६ साली लास कासासला इंडियनांचा कैवारी नेमिले.

आता त्याच्या हातून घडलेली एक मोठी चूक सांगणे प्राप्त आहे, कारण चरित्रलेखकाने पाप झाकू नये. इंडियनांस वाचविण्याच्या भरात त्याने १५१६ साली व पुन्हा पुढे दरबारास असे सुचविले की, खाणीतील कामास आफ्रिकेतील काळे गुलाम आणावे. आफ्रिकी गुलाम त्याच्या पूर्वीच तेथे येऊ लागले होते, आणि तो व्यापार त्याने सुरू केला असे नाही. पण त्याने आपले वजन त्या पारड्यात टाकले. एका लोकांचे अश्रू ज्यास दिसले, त्यास दुसऱ्या लोकांचे दिसले नाहीत. पोर्तुगीज लोक आफ्रिकेतून माणसे कशी पकडून आणतात हे त्याने पुढे वाचले, तेव्हा त्यास भयंकर पश्चात्ताप झाला. आपल्या इतिहासग्रंथात त्याने लिहिले की, काळ्या लोकांची गुलामगिरी इंडियनांच्या गुलामगिरीइतकीच अन्यायाची आहे, आणि आपल्या अज्ञानाची सबब देवापुढे चालेल की नाही ह्याची आपणास खात्री नाही. आपली चूक त्याने अशी स्वतःच्या लेखणीने नोंदवून ठेविली. परंतु जहाजे चालू राहिली, आणि पुढील साडेतीनशे वर्षांत एक कोटीहून अधिक आफ्रिकी माणसे समुद्रापार नेली गेली.

हल्लीच्या व्हेनेझुएला देशातील कुमाना येथे शेतकऱ्यांची शांततेची वसाहत करण्याचा त्याचा प्रयत्न १५२२ साली धुळीस मिळाला. खचून जाऊन तो दोमिनिकन मठात शिरला व कित्येक वर्षे अभ्यासात राहिला. तेथे त्याने एका ग्रंथात असे प्रतिपादन केले की, सर्व लोकांस ख्रिस्ताकडे बोलावण्याचा मार्ग एकच आहे. तो म्हणजे बुद्धीस समजावणे आणि प्रीतीने मन वळविणे. तरवारीने दिलेला बाप्तिस्मा हा ख्रिस्ताचा अपमान होय. लोकांनी त्याची थट्टा केली आणि करून दाखविण्याचे आव्हान दिले. ग्वातेमाला देशात एक डोंगरी मुलूख होता. तो कोणास जिंकता आला नव्हता, म्हणून त्यास युद्धभूमी म्हणत. १५३७ साली लास कासासने गव्हर्नराशी करार केला की, पाच वर्षे कोणाही स्पॅनिश मनुष्याने तेथे पाऊल टाकू नये. मठवाशांनी सृष्टीची उत्पत्ती, मनुष्याचे पतन व प्रभूचे चरित्र तेथील भाषेत गीतांत गुंफले, आणि ती गीते फेरीवाल्या इंडियन व्यापाऱ्यांस शिकविली, असा वृत्तान्त पुढील इतिहासकारांनी लिहिला आहे. त्या मुलखाचे नाव पुढे बदलून वेरापास, म्हणजे खरी शांती, असे ठेविले गेले. काही वर्षांनी तेथेही बंड झाले आणि काही मठवासी मारले गेले. पण तरवारीवाचून दार उघडू शकते हे दिसून आले होते.

१५४२ साली त्याने सम्राट पाचवा चार्ल्स ह्यापुढे आपली हकीकत मांडली. त्याच वर्षी नोव्हेंबरात नवे कायदे झाले. इंडियनांस गुलाम करणे बंद झाले, आणि धन्याच्या मरणानंतर त्याचा वाटा वारसांकडे न जाता राजाकडे यावा असे ठरले. तेव्हा वसाहतीत आग भडकली. पेरू देशात तर लोकांनी बंड करून खुद्द व्हाइसरॉयास १५४६ साली ठार मारिले. त्यापूर्वीच, १५४५ साली, सम्राटाने वारशाविषयीचे कलम मागे घेतले होते.

१५४४ साली लास कासासास चियापास प्रांताचा बिशप केले, तेव्हा तो साठीस टेकला होता. पुढल्या वर्षी ईस्टरच्या सुमारास त्याने हुकूम काढला की, जो कोणी इंडियन गुलाम बाळगतो त्याने ते सोडल्यावाचून व हिरावलेले परत केल्यावाचून कोणीही पाद्र्याने त्यास पापक्षमा देऊ नये. तीस वर्षांपूर्वी त्यास जो दरवाजा बंद झाला होता, तोच त्याने आता आपल्या कळपास लाविला, कारण त्या बंद दरवाजामुळेच आपला जीव वाचला हे त्यास ठाऊक होते. नगरात दंगा झाला, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, त्याच्या हाताखालच्या पाद्र्यानेही हुकूम मोडला. १५४७ साली तो कायमचा स्पेनास परतला.

१५५० व १५५१ साली स्पेनातील व्हायादोलिद नगरात राजाज्ञेने पंडितांची सभा भरली. सेपुल्वेदा नावाच्या विद्वानाने ग्रीक तत्त्ववेत्ता आरिस्टॉटल ह्याचा आधार घेऊन म्हटले की, काही लोक जन्मतःच दास होण्याजोगे असतात व इंडियन तसेच आहेत, म्हणून आधी त्यांस जिंकावे आणि मग शिकवावे. कनानी लोकांचा नाश करण्याची इस्राएलास झालेली आज्ञाही त्याने पुढे केली. लास कासासने पाच दिवस आपले उत्तर वाचले. त्याने दाखविले की, ती आज्ञा त्या काळापुरती व त्या लोकांपुरती होती; ती घेऊन कोणाही ख्रिस्ती मनुष्यास आज दुसऱ्या लोकांवर तरवार उपसता येत नाही. जगातील सर्व लोक मनुष्येच आहेत, सर्वांस बुद्धी आहे, आणि सर्वांसाठी ख्रिस्त मेला. सभेने स्पष्ट निकाल दिला नाही; पण सेपुल्वेदाचा ग्रंथ स्पेनात छापू दिला गेला नाही. उपदेशक बंधूंनी हा वाद विसरू नये. पवित्र शास्त्र दोघांच्याही हाती होते. एकाने त्यात आपल्या लोभास आधार शोधला. दुसऱ्याने ते वधस्तंभाच्या उजेडात वाचले.

१५५२ साली त्याने आपली संक्षिप्त हकीकत छापून प्रसिद्ध केली. तीत बेटामागून बेट, प्रांतामागून प्रांत कसे उजाड झाले हे सांगितले आहे. त्याने दिलेले आकडे पुष्कळ ठिकाणी फुगलेले आहेत, आणि रोगाने किती मेले हे त्यास नीट कळले नव्हते, असे आजचे इतिहासकार म्हणतात. तथापि जे घडले ते घडले, ह्यास इतर साक्षीही आहेत. १८ जुलै १५६६ रोजी माद्रिद येथे तो ८१ वर्षांचा होऊन मरण पावला. मृत्युपत्रात त्याने लिहिले होते की, ह्या पापांबद्दल देव स्पेनावर आपला कोप ओतील. त्याचा मोठा इतिहासग्रंथ तीनशेहून अधिक वर्षांनी, १८७५ साली, छापला गेला.

आता जे सांगावयाचे ते आपणां प्रॉटेस्टंट लोकांस विशेष लागू आहे. त्याच्या लहान पुस्तकाची भाषांतरे डच, फ्रेंच, इंग्रजी व जर्मन भाषांत झाली, आणि प्रॉटेस्टंट देशांनी ती मोठ्या आवडीने वाचली. पाहा, रोमी लोक कसे क्रूर, असे म्हणावयास त्यांस ते चांगले साधन झाले. इंग्रजी भाषांतर १५८३ साली निघाले. त्यास पुरती पंचावन्न वर्षे झाली नाहीत, तोच १६३७ साली उत्तर अमेरिकेत, प्रार्थना करून व स्तोत्रे गाऊन दिवस सुरू करणाऱ्या इंग्रज प्युरिटन लोकांनी पेकॉट नावाच्या इंडियनांच्या कोटास पहाटे आग लाविली. आत शेकडो माणसे होती, त्यांत बायकामुलेही होती. बाहेर पडणारांस त्यांनी कापून काढिले. पुढल्या वर्षीच्या तहात असे ठरविले की, उरलेल्यांनी पेकॉट हे नावसुद्धा घेऊ नये. शेजाऱ्याच्या पापाचे पुस्तक घरात होते, पण ते आरसा म्हणून कोणी हाती घेतले नाही. देवाची दया ही की, पेकॉट लोक आजही त्या नावाने आहेत, आणि ताइनो लोकांचे वंशजही त्या बेटांवर आहेत.

विसाव्या शतकात राफाएल लेम्किन नावाच्या यहुदी वकिलाचे बहुतेक आप्त हिटलरच्या लोकांनी मारून टाकिले. त्याने ह्या पापास कायद्यात नाव मिळावे म्हणून १९४४ साली एक नवा शब्द बनविला. त्यालाच आपण वंशसंहार म्हणतो. त्याने युगानुयुगांतील वंशसंहारांचा इतिहास लिहावयास घेतला होता आणि त्यात लास कासासच्या साक्षीस मोठे स्थान दिले होते. ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने ह्या अपराधाविरुद्ध करार मंजूर केला, आणि १९५९ साली भारतानेही तो कायम केला. लोकांस ठार मारणे एवढेच त्या करारात गुन्हा मानलेले नाही. त्यांचा नाश व्हावा ह्या हेतूने त्यांजवर जगणे अशक्य होईल अशी स्थिती लादणे, त्यांच्यात जन्म होऊ न देणे, त्यांची मुले काढून नेणे, हेही त्यात आले आहे. तरीही हे पाप थांबलेले नाही. १९९४ साली रुआंडा देशात, जेथे बहुतेक लोक ख्रिस्ती म्हणवीत, तेथे देवळांत आश्रयास आलेले हजारो तुत्सी लोक देवळांतच मारले गेले.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळांच्या वाडवडिलांस शेजाऱ्यांनी पुरते मनुष्य म्हणून लेखले नव्हते. म्हणून ताइनो लोकांचे दुःख आपणांस लवकर कळावे. पण लास कासासचे चरित्र ह्याच्या पुढे जावयास सांगते. ज्यास एकांचे अश्रू दिसतात त्यास दुसऱ्यांचे दिसतातच असे नाही. गावाच्या शिवेवर पाल ठोकून उतरणाऱ्या लोकांविषयी आपण घरात काय बोलतो? त्यांच्या मुलांस शाळेत व देवळात आपल्या मुलांशेजारी जागा देतो काय? वंशसंहाराची सुरुवात तरवारीने होत नाही. ही माणसे आपल्यासारखी नव्हेत, ह्या एका विचाराने ती होते, आणि तो विचार आपल्या ओसरीवर बसूनही करता येतो.

मंडळीत ही कथा सांगताना उपदेशकांनी एवढे अवश्य सांगावे की, लास कासास मोठा झाला तो दुसऱ्यांस दोष दिल्याने नव्हे. त्याने आधी आपल्या घरातील वाटा परत केला, मग तो बोलू लागला. आणि पुढे स्वतः चुकला तेव्हा तेही लिहून ठेविले. प्रभू आपणां सर्वांस असे उघडलेले डोळे आणि असे रिते केलेले हात देवो. आमेन.